‘घरंदाज’ या बिरुदाआड झाकलेली नटी : दुर्गा खोटे

१.
दुर्गा खोटे यांची जयंती असो वा पुण्यतिथी, एक वाक्य हमखास वाचायला मिळते : ‘कुलीन घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री.’ स्पर्धापरीक्षांच्या पुस्तिकांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत हे वाक्य जसेच्या तसे फिरत राहते. माझे मत असे की, हे वाक्य दुर्गाबाईंचा गौरव करत नाही. ते त्यांचे निम्मे काम झाकते आणि त्यांच्या आधीच्या व बरोबरीच्या अनेक स्त्रियांवर अन्याय करते. तो कसा, हे मांडण्यासाठी आजचा धागा. विषय मोठा आहे, म्हणून धागाही लांब आहे, सवडीने वाचा.

२.
आधी पार्श्वभूमी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषाने करायची, हा रिवाज पडला. साडी नेसलेल्या पुरुषाला नऊवारीत वावरताना पाहण्यात प्रेक्षकांच्या पिढ्या रमल्या. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांनी तर या रिवाजाला कळस चढवला. त्यांच्या शालू-दागिन्यांचे, केशरचनेचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करू लागल्या. म्हणजे स्त्रीने कसे दिसावे, हे रंगमंचावरचा पुरुष ठरवत होता. आणि ज्या स्त्रिया ते पाहून शिकत होत्या, त्यांना त्या रंगमंचावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. योगायोग असा की, दुर्गाबाईंचा जन्मही त्याच वर्षीचा, १४ जानेवारी १९०५.

३.
आपल्या वऱ्हाडालाही यातून वगळता येत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला सोन्याचे मोल आले आणि ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण सार्थ ठरली. त्या पैशामागोमाग पुढच्या काळात नाटक मंडळ्यांचे दौरे अमरावती, अकोला, खामगाव या गावांकडे वळू लागले. खेड्यापाड्यांतल्या दंडारीत आणि खडी गंमतीतही लुगडे नेसून नाचायचा तो पुरुषच. संगीत नाटकाची तिकीटबारी असो वा गावचा पार, बाई प्रेक्षकांत चालत होती, रंगणात नाही. ज्या बाया रंगणात उतरत, त्यांना ‘बाई’ म्हणण्याचा सूर वेगळा असे. हा सूर लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

४.
स्त्रिया रंगमंचावर अजिबात नव्हत्या, असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या. त्यांत सगळ्या भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, स्त्रिया करत. तमाशाच्या बोर्डावर स्त्रिया होत्या. गाणाऱ्या घराण्यांतील कलावंतिणी होत्या. परंतु या स्त्रियांना तत्कालीन पांढरपेशा समाजाने ‘स्त्रिया’ या गणतीत धरलेच नाही. म्हणूनच ‘पहिली’ हा शब्द इतिहासात वापरताना एक प्रश्न विचारायचा असतो : कोणाच्या मोजणीत पहिली?

५.
आता १९१३. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री हवी होती. शोध बराच झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीतही विचारणा झाली; तिथूनही नकार आला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटाची पहिली राणी म्हणजे लुगडे नेसलेला एक गरीब कामगार होता.

६.
पण लगेच पुढच्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, फाळक्यांना दोन स्त्रिया मिळाल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची किशोरवयीन कन्या कमला. नवऱ्यापासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई कामत लहान मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत काम करत होत्या. या मायलेकी भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री. ‘मोहिनी भस्मासुर’ची फीत आज उपलब्ध नाही. फीत हरवली, तशी पुष्कळांच्या स्मरणातून ही नावेही हरवली.

७.
कमलाबाई पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. रघुनाथराव स्वतः स्त्रीभूमिका करणारे नट. पती अकाली गेले आणि तीन मुलांचा संसार कमलाबाईंनी रंगभूमीवर काम करून ओढला. ज्येष्ठ अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र, विक्रम गोखले नातू. उतारवयातील कमलाबाईंवर रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला आहे. पदरी मुले असलेली, कमावणे भाग पडलेली आणि अभिनय हेच कसब असलेली स्त्री. हे वर्णन ध्यानात असू द्या, कारण दुर्गा खोटे यांच्या चरित्रातही ते शब्दशः बसते. मग एकीला ‘घरंदाज’ म्हणायचे आणि दुसरीला नाही, हे कोणी ठरवले?

८.
दुर्गाबाईंचे माहेर मुंबईचे लाड, मूळ गोमंतकातले. वडील सॉलिसिटर. कॅथीड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण. त्या काळच्या मराठी मुलींच्या दृष्टीने हे सगळे अपवादात्मक होते. कोवळ्या वयातच लग्न होऊन त्या खोट्यांच्या संपन्न घरात गेल्या. पण पुढे सासरची आर्थिक घडी पार विस्कटली. बकुल आणि हरीन हे दोन लहान मुलगे. आधी शिकवण्या करून पाहिल्या, त्यात भागेना. तेव्हा त्या चित्रपटाकडे वळल्या. म्हणजे कलेच्या ओढीपेक्षा आधी उभा होता तो महिन्याच्या खर्चाचा प्रश्न. हे त्यांनी ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) या आत्मचरित्रात लपवलेले नाही. लपवले आहे ते आपण, त्यांच्या गौरवाच्या वाक्यात.

९.
पहिला चित्रपट ‘फरेबी जाल’ (१९३१), दिग्दर्शक मोहन भवनानी. भूमिका अगदी छोटी, जेमतेम काही मिनिटांची. पण जाहिरात मोठी झाली. ती भूमिकेची नव्हे, घराण्यांची. प्रख्यात सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि खोटे घराण्याची सून पडद्यावर, असा तिचा रोख होता. चित्रपट सुमार होता. समाजात बभ्रा झाला आणि दोन्ही घरांना मान खाली घालावी लागली.

१०.
या घटनेकडे नीट पाहिले, तर माझ्या मताचा पाया इथेच सापडतो. ‘कुलीन घराण्यातील स्त्री’ हे बिरूद इतिहासकारांनी अभ्यासाअंती दिलेले नाही. ती मुळात एका चित्रपटाची जाहिरात होती. तिकिटे खपावीत म्हणून एका गरजू स्त्रीचे माहेर आणि सासर भिंतींवर चिकटवले गेले. नव्वदहून अधिक वर्षे उलटली तरी आपण तीच जाहिरात आदरांजली म्हणून वाचून दाखवतो. साधनांची चिकित्सा करायला शिकलेल्या माणसाला हे खटकायला हवे.

११.
त्या बभ्र्यानंतर दुसरी एखादी घरी बसली असती. दुर्गाबाईंकडे व्ही. शांताराम आले ते ‘प्रभात’च्या पहिल्या बोलपटासाठी. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्याची हिंदी आवृत्तीही बरोबरच तयार झाली. १९१३ साली जी तारामती अण्णा साळुंक्यांनी साकारली, तीच १९३२ साली दुर्गा खोट्यांनी. एकोणीस वर्षांत एक भूमिका पुरुषाकडून स्त्रीकडे आली. त्या दोन टोकांच्या मधली वाट कामत मायलेकी आणि मूकपटांतल्या कितीतरी अनाम नट्यांनी तुडवलेली होती.

१२.
बोलपटाच्या आरंभकाळातले काम म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. पार्श्वगायन रूढ व्हायचे होते. नटीने संवाद म्हणायचे, तिथेच गायचे, तिथेच अभिनय करायचा; ध्वनिमुद्रण आणि चित्रण एकाच वेळी. एक शब्द चुकला की सारा प्रसंग पहिल्यापासून. शिवाय चित्रपट दोन भाषांत, म्हणून प्रत्येक प्रसंग मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा. दुर्गाबाईंचे शिक्षण इंग्रजी वळणाचे, गाण्याची बैठकीतली तालीम नाही. कोल्हापुरात राहून त्यांनी भाषा, उच्चार, गाणे, चालणे, उभे राहणे हे सगळे शिकून घेतले. घराण्याच्या नावावर भूमिका मिळते. टिकते ती अशा मेहनतीवर.

१३.
इथे एक तांत्रिक मुद्दा. नाटकगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिव्यांच्या उजेडातला स्त्रीवेषधारी नट सहज स्त्री वाटू शकतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो, ध्वनिमुद्रक श्वासही टिपतो. तिथे हा संकेत तग धरत नाही. म्हणून नटीची गरज चित्रपटाला आधी लागली आणि नाटकाला नंतर. सालांचा क्रम पाहा : ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी भूमिका केल्या त्या १ जुलै १९३३ रोजी. रंगभूमीच्या आधुनिकतेचे श्रेय आपण नाटककारांना देतो ते योग्यच. पण त्यात वाटा यंत्राचाही आहे आणि त्या यंत्रापुढे आधी उभ्या राहिलेल्या स्त्रियांचाही.

१४.
आता दुर्गाबाईंच्या भूमिका ओळीने पाहा. ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये स्त्रीराज्याची राणी. ‘राजरानी मीरा’ (१९३३) मध्ये मीरा. देवकी बोस यांच्या ‘सीता’मध्ये (१९३४) सीता, राम पृथ्वीराज कपूर. ‘अमर ज्योती’मध्ये (१९३६) सौदामिनी. ही सौदामिनी म्हणजे कायद्याने मुलाचा ताबा नाकारला म्हणून बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणारी स्त्री. १९३६ साली! ‘सीता’ आणि ‘अमर ज्योती’ हे दोन्ही चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवले गेले. मग ‘पायाची दासी’ (१९४१) मध्ये खाष्ट सासू, तीही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ‘भरत मिलाप’मध्ये (१९४२) कैकेयी. कालची सीता आठ वर्षांत कैकेयी झाली.

१५.
‘घरंदाज’ प्रतिमा जपायची असती, तर सीतेनंतर आणखी चार सीता केल्या असत्या. दुर्गाबाईंनी चाचेगिरी करणारी स्त्री केली, खाष्ट सासू केली, कैकेयी केली. प्रेक्षकांचा रोष ओढवून घेणाऱ्या भूमिका स्वीकारायला नटीच्या अंगी स्वतःच्या कसबाविषयी खात्री असावी लागते. घराण्याचे नाव त्या बाबतीत उपयोगी पडत नाही; उलट आडवेच येते.

१६.
दुसरी महत्त्वाची गोष्ट व्यवहाराची. त्या काळी चित्रपटसंस्था एखाद्या संस्थानासारख्या चालत. नट, तंत्रज्ञ, सुतार, शिंपी सगळे मासिक पगारावर आणि करारात बांधलेले. दुर्गाबाई मात्र कोल्हापूरच्या प्रभातमधून कलकत्त्याला न्यू थिएटर्सकडे गेल्या, तिथेच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत काम केले, पुन्हा पुण्याला हललेल्या प्रभातकडे आल्या, मग मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सकडे, अत्रे पिक्चर्सकडे. एका मालकाशी बांधून न घेता चित्रपटागणिक काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. १९३७ च्या सुमारास त्यांनी ‘साथी’ची (मराठीत ‘सवंगडी’) निर्मितीही केली. स्वतःच्या श्रमाची किंमत स्वतः ठरवणे, ही त्या काळी कोणत्याही स्त्रीच्या आयुष्यातली क्रांतीच होती.

१७.
या बाबतीत त्यांच्या शेजारी शांता आपटे यांना बसवायला हवे. ‘कुंकू’ची (१९३७) ही नायिका १९३९ साली प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसली, वाद होता करार आणि वेतन यांचा. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्यातली पिळवणूक उघड केली. दुर्गाबाई करारापासून दूर राहिल्या, शांताबाई कराराशी भांडल्या. दोघींचा प्रश्न एकच : काम करणाऱ्या बाईचा तिच्या कामावर हक्क किती? ‘कुलीन’ या शब्दाच्या चाळणीतून पाहिले, तर हा धागा दिसतच नाही.

१८.
आता आणखी एक नाव : हंसा वाडकर. मूळ नाव रतन साळगावकर. घरची चूल पेटावी म्हणून शाळेच्या वयात कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांनी तिला घराघरांत पोहोचवले. तिच्या आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ (१९७७) केला. पडद्यासाठी तिचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले गेले. दुर्गाबाईंचे आडनाव जाहिरातीत झळकवले गेले. दोघी घरासाठी कमावत होत्या. एकीच्या कमाईला आपण धैर्य म्हटले, दुसरीच्या कमाईला नाइलाज. फरक कामात नव्हता, आडनावात होता.

१९.
रंगभूमीकडे येऊ. पडद्यावर नाव झाल्यावर दुर्गाबाई नाटकाकडे वळल्या, ही वाट नेहमीच्या उलट. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई उभी केली. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जिचे नाव जोडले गेले, ती आनंदीबाई. पुढे वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे ‘मॅकबेथ’च्या मराठी रूपात, नवऱ्याला राजहत्येला प्रवृत्त करणारी राणी. चित्रपटात ज्या बाईला प्रेक्षक हात जोडत होते, तिने रंगमंचावर सत्तेची हाव असलेल्या स्त्रिया निवडल्या. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कारकिर्दीचे हे पान आज सर्वांत कमी वाचले जाते, कारण नाटकाची फीत उरत नाही.

२०.
पुढचा आलेख बहुतेकांना ठाऊक असतो. ‘मुघल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई, समोर अकबर म्हणून पुन्हा पृथ्वीराज कपूर, राम-सीतेची जोडी सव्वीस वर्षांनी बादशहा-बेगम झाली. ‘बॉबी’तली (१९७३) आजी. ‘बिदाई’साठी (१९७४) फिल्मफेअर. पद्मश्री १९६८ साली, दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ साली. पण याच काळात त्या लघुपट आणि जाहिरातपट तयार करणारी संस्था चालवत होत्या, हे किती जणांना माहीत असते? ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. मूकपटाच्या अखेरीस सुरुवात करून दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचलेली, अभिनयाबरोबर निर्मितीचा हिशेबही सांभाळणारी ही स्त्री २२ सप्टेंबर १९९१ रोजी निवर्तली. साठ वर्षांचे काम, आणि आपल्या लक्षात राहिले तिच्या वडिलांचे पद!

२१.
कोणी म्हणेल, बिरुदाचा उपयोग तर झालाच ना? दुर्गाबाई पडद्यावर आल्या म्हणून शिकलेल्या घरांतल्या मुलींना दार उघडले. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्या उदाहरणाने पांढरपेशा पालकांचा विरोध बोथट झाला, हे मान्य करायलाच हवे. पण दार उघडले ते कोणत्या किल्लीने? ‘ही आपल्यातली आहे’ या किल्लीने. याचा व्यत्यास असा की, जी ‘आपल्यातली’ नाही, तिच्यासाठी दार पूर्वीइतकेच बंद. नटीच्या कामाला मान मिळण्याऐवजी मान मिळाला तो तिच्या घराला. आणि काम पूर्वी जिथे होते, तिथेच राहिले. तिसऱ्या मुद्द्यात ज्या सुराचा उल्लेख केला, तो सूर यामुळे बदलला नाही. त्याला एक अपवाद तेवढा जोडला गेला.

२२.
आता ही गोष्ट वऱ्हाडात परत येते, आणि तीही दुर्गाबाईंच्याच घरातून. त्यांचे पुत्र हरीन यांच्या पत्नी विजया, ज्यांना आपण पुढे विजया मेहता या नावाने ओळखतो. ‘रंगायन’च्या संस्थापकांपैकी एक, अभिनेत्री आणि दिग्दर्शिका. वायमारचे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रेख्तचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले आणि पुढे पूर्व जर्मनीत जाऊन तिथल्या नटांबरोबर भारतीय नाटके बसवली. १९८५ साली त्यांनी महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ दिग्दर्शित केले. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा ढासळता वाडा आणि आपली बोली मुंबईच्या रंगमंचावर आली.

२३.
त्या वाड्यातल्या दोन मुली आठवा. एक प्रभा : शिकण्याची तीव्र इच्छा असूनही घराण्याच्या प्रतिष्ठेपायी वाड्याच्या भिंतीआड राहिलेली आणि आतल्या आत कडवट झालेली. दुसरी रंजू : सिनेमाच्या वेडाने भारलेली, तिला दिसणारी एकमेव खिडकी म्हणजे तो पडदा. ‘घरंदाज’ या शब्दाची किंमत कोण मोजते, हे या दोघींकडे पाहिले की कळते. सासूने तो शब्द जाहिरातीच्या रूपात भोगला. सुनेने त्याच शब्दाचा वाडा रंगमंचावर उभा केला. दोन्ही पिढ्यांचे काम एकत्र वाचले, तर मराठी नटीचा इतिहास हा घरंदाजपणाच्या गौरवाचा नसून त्याच्याशी घातलेल्या झुंजीचा इतिहास आहे, असे मला वाटते.

२४.
हे सारे पातूरच्या एका विद्यार्थिनीने का लिहावे? कारण वाडे पडले तरी तो शब्द आमच्याकडे अजून उभा आहे. महाविद्यालयाच्या एकांकिकेत मुलीने काम करायचे ठरवले की ‘चांगल्या घरच्या मुली’ हा शब्दप्रयोग आजही कानावर येतो. तिला धीर देणारी माणसेसुद्धा दुर्गा खोट्यांचे उदाहरण देतात, ‘बघा, त्याही चांगल्या घरच्याच होत्या’ असे म्हणतात. म्हणजे नकारही त्याच शब्दात आणि परवानगीही त्याच शब्दात. तिला अभिनय येतो का, तालमीला वेळेवर येते का, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

२५.
पातूरची लेणी आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. ती दाखवताना राजवंशाचे नाव सांगतो. छिन्नी धरणाऱ्या हातांविषयी बोलत नाही, कारण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. नटींच्या बाबतीत आपल्याला ती सबब सांगता येणार नाही. दुर्गाबाई, हंसाबाई, शांताबाई यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कमलाबाई कॅमेऱ्यापुढे बोलल्या आहेत. साधने हाताशी आहेत. फक्त ती वाचताना घराण्याऐवजी हाताकडे पाहायला हवे.

२६.
म्हणून एक प्रस्ताव. यापुढे दुर्गा खोटे यांच्याविषयी एकच वाक्य लिहायचे झाले, तर असे लिहूया : ‘घर चालवण्यासाठी चित्रपटात आलेली, कोणत्याही एका संस्थेची न झालेली, पडदा, रंगभूमी आणि निर्मिती या तिन्ही क्षेत्रांत साठ वर्षे काम केलेली मराठी अभिनेत्री.’ वाक्य थोडे लांब झाले, चालेल. त्यात त्यांचे माहेर-सासर नाही, पण त्यांचे आयुष्य आहे. आणि त्या वाक्यात थोडे फेरफार केले, तर कमलाबाई, शांताबाई, हंसाबाई यांनाही सन्मानाने जागा मिळते. चांगल्या व्याख्येची कसोटी तीच.

२७.
शेवटी वाचकांना विनंती. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, तुम्ही जिथे असाल तिथे, गणेशोत्सवातल्या नाटकांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत, दंडारीत किंवा तमाशात काम केलेल्या वयस्कर बायका असतील. त्यांच्याजवळ बसा, परवानगी घेऊन त्यांचे बोलणे नोंदवा. कोणती भूमिका केली, किती पैसे मिळाले, तालीम कुठे होत असे, मुलांना कोणाजवळ ठेवून जात, हे विचारा. ‘घरच्यांचा विरोध होता का?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. तो आपण नेहमीच पहिला विचारतो. आधी तिचे काम विचारा. सहमती, मतभेद, दुरुस्ती, सगळ्यांचे स्वागत आहे. धागा इथे पूर्ण करते.